चूक भोपळ्याची

आमच्या बनारसात मोटार आणि सायकल धडकली तर चूक कोणाची हे ठरवायला पोलीस लागत नाही. जमलेला घोळका ठरवतो. घोळक्याचा कायदा सोपा आहे. चूक मोठ्याची. ट्रक आणि मोटार भिडली तर ट्रकची. मोटार आणि ई-रिक्शा भिडली तर मोटारीची. सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला धक्का दिला, तर सायकलवाल्याने मान खाली घालून शिव्या ऐकायच्या. फक्त सांड मधे आला तर कोणाचीच चूक नसते. सगळे कपडे झटकतात आणि आपापल्या वाटेने जातात.

मला हा कायदा पसंत होता. मी जन्मभर सायकल चालवली. पायी चालणारा सोडला तर सायकलीपेक्षा लहान असं रस्त्यावर असतं कोण? म्हणजे मी बहुतेक वेळा बरोबरच.

मी आचारी. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, ते आता आठवत नाही. जन्म दुर्गाघाटच्या गल्लीतला आणि म्हातारपणही तिथलंच. बनारसातल्या मराठी घरांत मुंज असो, लग्न असो, गणपती असो, पुरणपोळी आमची, म्हणजे माझी आणि बायकोची. आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून सगळं सामान सायकलवर. झारे आणि परात हँडलला, बायको मागे कॅरिअरवर, आणि तिच्या मांडीवर पोळपाट. रेल्वेच्या कॉलनीत, विद्यापीठाकडे, नदीपलीकडेसुद्धा असे गेलो आम्ही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या सोडल्या तर सायकल नेली नाही अशी जागा नाही.

बायको कॅरिअरवर उलटी बसायची. म्हणजे सगळ्या बायका डाव्या अंगाला पाय सोडून बसतात, ही उजव्या अंगाला. लग्नानंतर पहिल्यांदा बसली तेव्हा मी म्हटलं, "अगं, इकडून नाही, तिकडून बसतात."

"का? तिकडे काय आहे? भिंत," ती म्हणाली. "गाड्या इकडून येतात. भिंतीकडे तोंड करून मी मरायची वाट बघू का?"

मी पायडल मारलं. तिच्या बोलण्यावर गप्प बसायची सवय मला तेव्हाच लागली.

अशी बसल्यावर तिचा डावा हात माझ्या सीटला धरलेला असायचा आणि उजवा मागच्या बाजूला मोकळा. उजवीकडे वळायचं असलं की ती तो हात मागून येणाऱ्या गाड्यांना दाखवायची. पोलीस दाखवतो तसा नाही. तवा तापलेला असताना पोर जवळ आलं की आपण पंजा खालीवर करून त्याला थोपवतो ना, तसा. आणि तोंड चालूच. "थांब रे बाबा, थांब. म्हातारा वळतोय." मी तिशीत होतो तेव्हापासून ती मला म्हातारा म्हणायची. गाड्या थांबायच्या. ट्रकसुद्धा थांबायचा. मी कधी मागे वळून पाहिलं नाही आणि कधी हात बाहेर काढला नाही. पुढे बघायचं माझं काम, मागचं सगळं तिचं. घरातही तसंच होतं. कोणाच्या घरी कोण काय बोललं, कोण रुसलं, कोणाकडे पुन्हा पाय ठेवायचा नाही, ते तिला पाठ. मला फक्त उद्या कुठे जायचं तेवढं माहीत.

मागल्या साली ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती चौघांनी. लोक म्हणाले, आहेवपणी गेली, भाग्यवान बाई. मला कोणी भाग्यवान म्हणालं नाही.

ती गेल्यावर सायकल हलकी झाली. तुम्ही म्हणाल, चांगलंच की. मला मात्र जमेना. मागचं चाक उडायला लागलं. खड्डा आला की रिकामं कॅरिअर खडखड वाजायचं. आणि उजवीकडे वळायचं आलं की पाठीला गार लागायचं, सदरा फाटला असावा तसं. मग मी वळणाच्या अलीकडे उतरायचो, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचो आणि पलीकडे पुन्हा चढायचो. घरी सांगितलं नाही.

घरी म्हणजे मुलगा. मुलगा बँकेत साहेब आहे. पोट सुटलेलं आहे आणि बोलणं माझ्यावर गेलंय. आईचे दिवस झाले तसा तो सायकलीच्या मागे लागला.

"अण्णा, या वयात सायकल? ई-रिक्शाने जा ना. दारात नाही तर गल्लीच्या तोंडाशी मिळते."

"ई-रिक्शात बसून काय करू? बसायचंच तर घरी बसतो."

"मग घरी बसा."

"तू बस. तुला बसायचाच पगार मिळतो."

असं रोज चाललेलं. शेवटी एकदा जेवताना तो म्हणाला, "ठीक आहे. चालवा. पण ज्या दिवशी तुमच्या चुकीने कुठे धडकलात, त्या दिवशी सायकल मी विकणार. कबूल?"

"माझ्या चुकीने," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या नाही."

"तुमच्याच."

"कबूल."

कबूल व्हायला माझं काय जात होतं? घोळक्याचा कायदा मला ठाऊक होता. पण जीव तिथेच अडकलेला होता, हेही खरं. सायकल गेली की मी घाटावरच्या म्हाताऱ्यांत जाऊन बसणार. ते सकाळी कोणाचं पोट साफ झालं आणि कोणाचं नाही, यावर उन्हं वर येईपर्यंत बोलतात. ते नको होतं. आणि तिच्या बसायची जागा भंगारवाल्याने उचलून न्यावी, तेही नको होतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. स्वयंपाक मीच करणार होतो. बायकोच्या श्राद्धाला दुसऱ्याच्या हातची खीर मी कशाला घालू? गुरुजी ठरले होते. अडलं होतं सवाष्णीवर. बाई आहेवपणी गेली की तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. शेजारची जी यायची होती ती ऐनवेळी लेकीकडे निघून गेली. आता दुर्गाघाटवर मराठी घरं उरलीत किती? दोघींना विचारलं. एक म्हणाली गुडघे, दुसरी म्हणाली ऑफिस. श्राद्धाचं जेवण म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखतात.

त्याच काळजीत बाजारात गेलो आणि भाजीसाठी लाल भोपळा घेतला. चांगला मोठा घेतला. ती म्हणायची, लहान भोपळ्याला चव नसते, नुसता माज असतो. जुन्या ट्यूबने कॅरिअरवर आवळून बांधला आणि निघालो.

आणि सांगतो, सायकल छान चालायला लागली. वर्षभराने मागे वजन आलं होतं. चाक रस्त्याला धरून चाललं, कॅरिअर वाजायचं थांबलं, पाठ ऊबदार झाली. मैदागिनचा चौक मागे टाकला तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. विश्वेश्वरगंजकडे जाताना भैरवनाथाची गल्ली उजव्या हाताला लागते. रोज मी तिथे उतरायचो. त्या दिवशी उतरलो नाही. मनात आलंच नाही. आरामात वळलो, पूर्वी वळायचो तसा.

पुढचं कळलं ते असं की मी रस्त्यावर बसलेलो आहे, सायकल आडवी पडली आहे, मागचं चाक एका पांढऱ्या मोटारीच्या तोंडाशी आहे आणि भोपळा नालीपर्यंत जाऊन दोन फाकांत फुटलेला आहे. गुडघा सोलला होता. बाकी मी शाबूत. तोंडही शाबूत.

"डोळे काय घरी ठेवून आलास का रे गाढवा!" मी ओरडलो. घाबरलो की मी मराठीत ओरडतो.

मोटारीचं दार उघडलं आणि एक बाई उतरली. पन्नाशीची, पंजाबी ड्रेस, कपाळाला टिकली. ती धावत आली आणि म्हणाली, "काका, मराठी? बाई गं, बरं झालं. मला वाटलं आता हिंदीत भांडावं लागणार. लागलं का हो? पाय हलवा बघू."

तोवर घोळका जमला होता. आमच्याकडे घोळका जमायला वेळ लागत नाही, तो जणू आधीपासून उभाच असतो.

"बाहर की गाड़ी है!"

"नंबर देखो, महाराष्ट्र का!"

"बाबा को मार दिया!"

"मेलो नाही अजून," मी म्हटलं, पण मराठीत म्हटलं, त्यामुळे कोणाला समजलं नाही. एकाने मोटारीच्या बॉनेटवर थाप मारली. दुसरा बाईला म्हणाला, चाबी निकालो. निकाल लागला होता. मोटार मोठी, सायकल लहान, वर मोटार परगावची. माझी सायकल वाचली होती.

पण बाई घाबरट नव्हती. नागपूरहून स्वतः गाडी चालवत आली होती. ती माझ्याच शेजारी उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, मी हळूच येत होते. पण तुम्ही एकदम वळलात. हात तरी दाखवायचा."

"दाखवला होता!"

"नाही हो काका. मी तुमच्याकडेच बघत होते. तो भोपळा पडेल की काय म्हणून बघत होते. हात नव्हता."

"मी सांगतो, हात होता! या वळणावर जन्म गेला माझा. हात दाखवल्याशिवाय कधी वळलो नाही!"

मी खोटं बोलत नव्हतो. गंगेत उभा राहून तेच बोललो असतो. ती बाई खोटारडी, असं मला आतून वाटत होतं.

आमचं मराठी ऐकून घोळका बिथरला. "का हो, अंदर-अंदर क्या सेटिंग हो रही है? हिंदी में बोलिए!"

"बाबा बोल रहे हैं, हाथ दिया था," एकजण म्हणाला. त्याने मला येताना पाहिलंही नव्हतं. "हमने खुद देखा, हाथ दिया था." मग आणखी तिघांनी खुद देखलं. माझा हात किती लांब होता यावरही बोलणं सुरू झालं.

गल्लीच्या तोंडाशी एक चहावाला आहे. आमचं लग्न झाल्यापासूनची सगळी येणीजाणी त्याने बघितलेली, आधी बापाच्या ठेल्यावर बसून, मग स्वतःच्या. तो गर्दीतून वाट काढत आला, माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला, आणि साधेपणाने, भाव सांगावा तसं म्हणाला, "बाबा, हाथ तो अम्मा देती थीं."

मी ग्लास खाली ठेवला.

हात ती दाखवायची. माझा हात कधी नव्हताच. मागे वजन होतं म्हणून माझं अंग समजलं की ती बसली आहे, आणि ती बसली आहे म्हणजे हात दाखवलेला आहे. मी भोपळ्याच्या भरवशावर वळलो होतो.

मी नालीजवळच्या त्या फाकांकडे पाहिलं. मग उठलो आणि म्हटलं, "गलती मेरी है."

आता खरी पंचाईत झाली. घोळक्याला हे मान्य होईना.

"बाबा को सिर में चोट लगी है, बहक रहे हैं."

"डॉक्टर के पास ले चलो."

"अरे, डर के मारे बोल रहे हैं. बाबा, डरिए मत, हम हैं."

"डोक्याला काही झालेलं नाही!" मी ओरडलो. "मैं बिना देखे मुड़ा! गाड़ी को जाने दो!" माझीच चूक माझ्याच पदरात पाडून घ्यायला मला गळा फाडावा लागला. शेवटी कंटाळून एकजण म्हणाला, "जाने दो गुरु, बाबा ने मजा किरकिरा कर दिया," आणि लोक पांगले. ज्यांनी माझा हात खुद देखला होता ते सगळ्यांत आधी गेले.

बाईने भोपळ्याच्या दोन्ही फाका उचलून आणल्या. एकीला माती लागली होती, दुसरी स्वच्छ. "काका, नवीन घेऊन देते."

"कशाला? कापायचाच होता," मी म्हटलं. तेव्हा माझं लक्ष तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेलं. हल्ली त्याचा भरवसा नाही म्हणून सरळ विचारलं, "बाई, तुमचा नवरा जिवंत आहे का?"

ती दोन पावलं मागे सरली. "का हो? काय करणार त्यांना?"

"काही करत नाही. आहे का?"

"मागच्या सीटवर झोपलेत."

मी काचेतून पाहिलं. खरंच होता. तोंड उघडं टाकून झोपला होता. इतका गोंधळ झाला, बॉनेट वाजलं, पण गडी उठला नाही. माझ्या मागे बसणारी कधी डुलकीसुद्धा घेत नव्हती. पण तो जिवंत होता आणि मला तेवढंच पाहिजे होतं. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या सवाष्ण म्हणून जेवायला या, श्राद्धाचं आहे, नको वाटत असेल तर तसं सांगा, गुडघे सांगू नका.

ती हसली नाही. "येते काका," म्हणाली. "यांनाही आणू का? ते उठले तर."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मुलाला मी एवढंच सांगितलं होतं की बाजारात ओळख झाली. गुडघ्याचं विचारलं तेव्हा पायरी म्हटलं. गुरुजी जेवून गेले. मग पाट मांडले. बायकोच्या फोटोपुढे ताट ठेवलं, बाईची ओटी भरली. नवरा दिवसा जागा असला म्हणजे चांगला माणूस होता. वडे त्याने पुन्हा पुन्हा मागून घेतले.

सगळं नीट चाललं होतं आणि बाई भाजीचा घास घेता घेता म्हणाली, "काका, रात्री ठणकला नाही ना पाय? मला झोपच लागली नाही. चाक तुमच्या इतकं जवळ होतं."

मुलाने वाढायचं थांबवलं. "कसलं चाक?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की काहीतरी घोळ झाला.

"अण्णा, धडकलात? कधी? काल? चूक कोणाची होती?"

नवऱ्याने वडा तोंडाजवळ तसाच धरला. मग बाईच म्हणाली, "चूक भोपळ्याची होती."

मोठ्या मनाची बाई. तेवढ्यावर भागलं असतं. घोळका माझ्या बाजूने होता, मोटारवाली माझ्या बाजूने होती, मी गप्प राहिलो असतो तर सायकल वाचत होती. पण समोर बायकोचं ताट होतं. खोटं बोलायचंच तर मी दुसरा एखादा दिवस निवडला असता.

"भोपळा गरीब आहे," मी म्हटलं. "चूक माझी. मी हात न दाखवता वळलो. मला हात दाखवता येतच नाही. तुझी आई दाखवायची."

मुलगा भाजीचं पातेलं हातात घेऊन उभाच होता. "म्हणजे? कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मी पुढे दांडीवर बसायचो तेव्हा?"

"तेव्हाही तीच."

तो खाली बसला. बँकेचा साहेब, पातेल्यासकट जमिनीवर बसला. "मला वाटायचं आई लोकांना टाटा करते," तो म्हणाला. "मीपण करायचो. पुढून. सगळ्या गाड्यांना." मग तो हसायला लागला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बाईने त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि नवऱ्याला भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "सायकल काढा."

मी काढली. शब्द दिला होता. पुसूनसुद्धा घेतली, घेणाऱ्याने नाक मुरडू नये म्हणून. गल्ल्यांतून दोघं पायी निघालो, मी सायकल धरलेली, तो मागे. भंगारवाल्याची गल्ली आली तर हा सरळ पुढे. मी सायकल त्याच्यामागे ढकलली. रस्त्यावर आलो, मैदागिनच्या दिशेने जरा मागे गेलो. उजाडून झालं होतं पण गर्दी नव्हती.

"बसा," तो म्हणाला, आणि स्वतः कॅरिअरवर बसला. सायकल कण्हली.

"अरे, तुझी आई तुझ्या निम्मी होती!"

"चालवा."

"आणि तिकडून काय बसलास भिंतीकडे तोंड करून? उलटा बस."

तो उठला आणि उलटा बसला, उजव्या अंगाला पाय सोडून. पन्नाशीकडे आलेला माणूस, पायांत ऑफिसचे बूट. चहावाला ठेल्यामागून बाहेर येऊन बघायला लागला.

"मी हात दाखवणार नाही," मुलगा मागून म्हणाला. "मी फक्त बसणार. हात तुम्ही काढायचा. जमलं तर सायकल तुमची. नाही जमलं तर इथूनच विकायला."

मी पायडल मारलं. जड गाडी, म्हातारा माणूस, कशीबशी निघाली. गल्ली जवळ यायला लागली. मागून मोटारीचा आवाज आला. मी हँडलवरून उजवा हात सोडला आणि सायकल अशी लटपटली की चहावाला "बाबा!" करून ओरडला. हात परत हँडलवर. पुन्हा सोडला. या वेळी तो बाहेर राहिला. सरळ काही राहिना, पंजा आपोआप खालीवर व्हायला लागला, तवा तापलेला असल्यासारखा.

"थांब रे बाबा, थांब," मागून मुलगा मोटारवाल्याला म्हणाला. "म्हातारा वळतोय."

आता ते खरं होतं. मोटार थांबली. आम्ही वळलो.